पूजेत ठेवलेला पट्टा

“अपघात झाला तेव्हा पट्टा अंगावर होता का?” देवयानी मॅडमनी विचारलं.

मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. प्रश्न बरोबर समजला होता. तरी म्हटलं, “पुन्हा बोला.” बहिऱ्या माणसाला एवढी एक सवलत असते. विचार करायला वेळ मिळतो.

खैरनार साहेबांची केबिन. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये. टेबलाखाली मिरी बसलेली, माझ्या बुटावर हनुवटी टेकून. मिरी म्हणजे माझी काळी लॅब्राडोर कुत्री. माझे कान. तिच्यात दोष आहे की नाही ते ठरवायला मॅडम पुण्याहून आल्या होत्या. मिरीला शिकवून माझ्याकडे दिली ती त्यांनीच.

आधी माझं सांगतो. सातवीत शाळा सुटली आणि मी सातपूरला लेथवर लागलो. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा गरगर फिरवून हत्याराने तासायचं मशीन. त्यावर काम करणारा तो टर्नर. आमच्या शेजारच्या शेडमध्ये पॉवर प्रेस होते. दिवसभर धडाम धडाम. रिटायर होईपर्यंत उजवा कान पूर्ण गेला, डावा बराचसा. कानाचं मशीन घरात चालतं. शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये, लावलं की सगळाच गोंगाट मोठा होतो आणि त्यातलं कामाचं काय ते कळत नाही.

रिटायर झाल्यावर खैरनार साहेबांच्या अंबडच्या ट्रेनिंग सेंटरने इन्स्ट्रक्टर म्हणून बोलावलं. त्यांच्याकडे डिप्लोमावाले तीन होते. टूलला धार कशी लावायची ते दाखवणारा एकही नव्हता. मी पोरापोरींना पहिल्या दिवशी लेथ शिकवत नाही, चिठ्ठी शिकवतो. जॉब बिघडला, म्हणजे बनवलेला तुकडा मापात आला नाही, की त्याला लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर तीन रकाने. मशीन, मटेरियल, ऑपरेटर. दोष ज्याचा, त्याच्यापुढे खूण. आपली चूक असताना मशीनवर खूण करणाऱ्याला मी आठवडाभर झाडू मारायला लावतो.

एकदा माझ्या पाठीमागे एका पोरीची ओढणी मशीनमध्ये गेली. ती ओरडली. मला ऐकू आलं नाही. दुसऱ्याने बटण दाबलं म्हणून ओढणीवर भागलं. साहेब म्हणाले, “मास्तर, वाईट वाटून घेऊ नका, पण आता शॉपमध्ये नको.” तेव्हा माझ्या मुलीने खटपट करून मिरीला आणलं. कुणी हाक मारली, भोंगा वाजला, मागून गाडी आली, की ती माझ्या ढोपराला नाकाने ढुसणी देते आणि आवाज आला तिकडे तोंड करते. साहेबांनी अट घातली. कुत्री असेल तर शॉप, नसेल तर नाही. कापलेल्या लोखंडाचा गरम कुरळा कीस पायाला लागू नये म्हणून पंचवटीतल्या एका चांभाराकडून मी तिला चार बूट शिवून घेतले. तो म्हणाला, “काका, जोडी नाय, जोड्या लागतील.” मी म्हटलं, “दोन जोड्या शिव, पण मापात शिव.”

मॅडमच्याही अटी होत्या. छातीभोवतीचा कामाचा पट्टा घातला की काम, काढला की सुट्टी. मिरीला एवढंच समजतं. आठवड्यातून एक दिवस तिला मोकळ्या माळावर न्यायचं, पट्टा काढायचा आणि दोन तास हुंगू द्यायचं, पळू द्यायचं. पण पट्टा काढायचा तो माळावर पोचल्यावर. रस्त्यावर पट्टा हवाच.

वर्षभर मी हे पाळलं. गंगापूर धरणाच्या अलीकडे एक माळ आहे. पाऊस ओसरला की तिथे तेरडा आणि सोनकी फुलते, गवत कमरेएवढं होतं. मिरी त्यात शिरली की नुसती शेपटी दिसायची.

यंदा श्रावण संपता संपता साहेबांनी दोन बॅच दिल्या. परीक्षा दसऱ्यानंतर लगेच. रविवारीही जादा बॅच. “जमेल ना मास्तर?” त्यांनी विचारलं. नाही म्हणणं माझ्या तोंडाला येत नाही. पाच रविवार फिरणं झालं नाही. दर रविवारी संध्याकाळी मॅडमचा मेसेज यायचा, फिरणं झालं का? मी अंगठा पाठवायचो. अंगठ्याला काय, अक्षर लागत नाही.

मिरी मंदावली. दोनदा भोंगा वाजला आणि ती उठली उशिरा. मी कुणाला सांगितलं नाही. बायको म्हणाली, “तिला घेऊन जा कुठंतरी. कुत्री हाय का लेथ?”

“लेथलाही सुट्टी असते,” मी म्हटलं. “खंडेनवमीला.”

खंडेनवमीला आमच्याकडे मशीन धुतात, हत्यारं मांडतात, झेंडू, हळद-कुंकू, नारळ. एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत त्या हत्याराला हात लावायचा नाही. या बाबतीत मी कडक आहे. त्या दिवशी टेबलावर मापं घ्यायचे व्हर्निअर, मायक्रोमीटर, शिवाय टूल, सगळं मांडलं. मग मी मिरीचा पट्टा काढून मायक्रोमीटरच्या शेजारी ठेवला. तेही माझं हत्यारच. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं. नारळ फुटला, पेढे वाटले, सगळे घाईने घरी गेले. पट्टा तिथेच राहिला. राहिला म्हणजे मी ठेवला.

घरी जेवून मी मिरीची साखळी घेतली. बायको दारात उभी.

“पट्टा कुठंय हिचा?”

“पूजेत.”

“मग आणा की जाऊन.”

“पूजेतलं उचलत नसतात.”

“मग आज नका जाऊ.”

“उद्या दसरा, घरात माणसं. परवापासून परत बॅच. आजच जायचंय.”

“लय हट्टी माणूस बाई,” ती म्हणाली. एवढं मी ओठांवरून वाचलं. पुढचं बघितलं नाही.

रिक्षाने गेलो. ऑक्टोबरचं ऊन लागत होतं, पण माळावर वारा होता. पाच आठवड्यांचं साचलेलं मिरीने दोन तासांत काढलं. गवतात लोळली, डबक्यात बसली, चिखलाची होऊन आली. मी दगडावर बसून बघत होतो. अंगठे पाठवल्याची थोडी लाज वाटली. थोडीच.

परतताना रिक्षासाठी डांबरी रस्त्याने चालत निघालो. मिरी डाव्या बाजूला, नाक जमिनीला लावून. पट्टा नाही, म्हणजे तिची सुट्टी अजून चालू होती. मागून मोटारसायकल आली. पोराने हॉर्न वाजवला म्हणे, तीन-चारदा वाजवला. मी रस्त्यावर पडल्यावर मला मोटारसायकल दिसली. मनगट दोन ठिकाणी मोडलं. मिरी माझं तोंड चाटत होती.

दवाखान्यात साहेब आले. ओरडून म्हणाले, “मास्तर, कुत्रीने इशारा दिला नाही?”

मी म्हटलं, “नाही दिला.”

खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं. साहेबांनी पुण्याला फोन केला. दसऱ्यानंतर मी डाव्या हाताने पट्टा घेऊन आलो. हळद पुसली, तरी शिवणीत पिवळा डाग राहिला.

आता केबिनमध्ये तोच पट्टा मिरीच्या अंगावर होता. मॅडमनी सगळं समजावलं. कुत्री पट्टा असताना चुकली असेल तर ती नापास. तिला कामातून काढणार. मग साधी पाळीव म्हणून ती माझ्याकडेच राहू शकते. पट्टा नसेल तर अट मी मोडली, मग ती दुसऱ्या कुणाकडे जाणार. साहेबांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, ‘दुसरी कुत्री येईपर्यंत वर्गात ड्रॉइंग शिकवा.’ म्हणजे मिरी घरात, नोकरी शाबूत. आदल्या दिवशी बायकोही म्हणाली होती, “गप बसा. कुत्रीला कुठं अब्रू असती?”

मॅडमनी प्रश्न पुन्हा विचारला. त्यांचं बोट पट्ट्याच्या डागावर होतं. काचेतून शॉप दिसत होतं. भिंतीवर लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा टांगलेला.

“नव्हता,” मी म्हटलं. “पट्टा मी पूजेत ठेवला होता. आणि पाच रविवार तिला नेलंच नव्हतं. ते अंगठे खोटे.”

साहेबांनी डोक्याला हात लावला. “अहो मास्तर, आधी सांगायचं ना! एक बॅच कमी केली असती.”

“तुम्ही विचारलं जमेल का. मी हो म्हणालो. दोष माझा.”

मॅडमनी बराच वेळ लिहिलं. मग कागद माझ्यापुढे सरकवला. कुत्री कामास योग्य. मालकाने अटी मोडल्या. मी डाव्या हाताने सही केली. वाकडी आली.

पास झालेली कुत्री पाळीव म्हणून ठेवता येत नाही. तिची वाट बघणारी माणसं रांगेत असतात. मी म्हटलं, “हिचे बूट पण न्या. लोखंडात नाही, पण उन्हात कामाला येतील.” मिरी गाडीत बसली. पट्टा अंगावर होता, म्हणून तिने मागे वळून बघितलं नाही. कामावर असताना ती बघत नाही.

ती एका बहिऱ्या शिक्षिकेकडे गेली. दर रविवारी मॅडम फोटो पाठवतात. मी आधी पट्टा बघतो. रस्त्यावर असतो. माळावर काढलेला असतो. मी अंगठा पाठवतो. आता तो खरा असतो.

मनगट पूर्वीसारखं वळत नाही. सेंटर सुटलं. वर्गात बसून ड्रॉइंग शिकवणं माझ्याच्याने झालं नसतं, तसं साहेबांना सांगितलंही. आता माझे सगळे रविवार मोकळे आहेत. माळावरचं गवत वाळलं असं रिक्षावाला सांगतो. मी गेलो नाही.

हत्याराला वर्षातून एकदा पूजा पुरते. जिवाला पुरत नाही.