दोन ईस्टर एका रविवारी

कुवेतमधल्या फहाहीलच्या आमच्या दवाखान्यातल्या लॅबमध्ये आम्ही तिघं. मी नाशिकची, टिकली लावणारी, आणि लॅबची प्रमुख, म्हणजे सुट्ट्यांवरून बोलणी खाणारी. दुसरी वसईची, पिढ्यान्‌पिढ्यांची कॅथलिक, माझ्याशी मराठीत भांडणारी. तिसरा इजिप्तचा, तिथल्या कॉप्टिक चर्चचा. दोघंही ख्रिस्ती, तेव्हा यांचं चांगलं जमेल असं मला आधी वाटलं होतं. कसलं काय!

मशीनमध्ये नमुने फिरायला लागले की यांचा वाद सुरू. दीड हजार वर्षांपूर्वी एका परिषदेत शेकडो बिशप जमले आणि येशूमध्ये देवाचं आणि माणसाचं अशी दोन स्वरूपं आहेत, असं त्यांनी ठरवलं. इजिप्तवाल्यांना ते पटलं नाही. त्यांच्या मते दोन्ही मिळून स्वरूप एकच. तेव्हापासून चर्च वेगळी.

"तुम्हारे लोग रास्ता भटक गये," तो कुवेतमध्ये शिकलेल्या मोडक्या हिंदीत शांतपणे म्हणायचा.

"भटके होंगे तुम्हारे!" ही कडाडायची.

"अरे बाबांनो," मी म्हणायचे, "आमच्याकडे द्वैत-अद्वैतावर पिढ्या खपल्या. आधी रिपोर्ट काढा." पण खरं सांगते, मला तो वाद आवडायचा. चहाला चव यायची.

ईस्टरचंही तेच. त्याहून जुन्या एका परिषदेत ठरलं होतं, सगळ्यांनी ईस्टर एकाच रविवारी करायचा. पुढे पंचांगं वेगळी झाली आणि ईस्टरही. हिचा आधी, त्याचा बहुतेक वेळा नंतर, कधी आठवड्याने तर कधी महिन्याने. स्मार्त एकादशी आज आणि भागवत उद्या, हे बघत वाढलेल्या मला त्याचं नवल नव्हतं. उलट माझं फावलं. कुवेतमध्ये रविवार कामाचा. हिच्या ईस्टरला तो ड्यूटी करायचा, त्याच्या ईस्टरला ही. वर्षाच्या सुरुवातीलाच मी तारखा न बघता दोघांना हो म्हणून टाकायचे.

त्या वर्षीही म्हटलं. आणि मार्चमध्ये कळलं की दोन्ही ईस्टर एकाच रविवारी आहेत. असं अधूनमधून होतं म्हणे, पण मी या लॅबमध्ये आल्यापासून झालं नव्हतं. इतक्या बिशपांनी ज्यासाठी डोकं खपवलं ते अखेर जुळून आलं, आणि मी कपाळाला हात लावून बसले. लॅबमध्ये कायम दोघं लागतात. मी होतेच, पण सुट्टी दोघांपैकी एकालाच मिळणार होती.

त्याची आई इजिप्तहून यायची होती. वडील गेल्यानंतरचा तिचा हा पहिला ईस्टर. हिची मुलगी ईस्टरच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत, पहिल्यांदा एकटीने गाणार होती.

एरवी तावातावाने भांडणारी ही दोघं या वेळी भांडलीच नाहीत. मला तेच खुपलं. "ताई, त्यालाच दे सुट्टी. मिस्सा काय, दर वर्षी असते," असं म्हणून ही डोळे पुसायला बाहेर गेली. मग तो आला. "मॅडम, उसको दे दो. अम्मा समझ जायेगी." अम्मा समजणार नव्हती, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

माझं डोकं फिरलं. दोघांना समोर बसवलं आणि विचारलं, "तुमची प्रार्थना असते तरी किती वाजता?"

हिची मिस्सा रविवारी सकाळी. त्याची प्रार्थना शनिवारी संध्याकाळी सुरू होऊन त्याच रात्री संपणारी. रविवारी त्याच्याकडे फक्त आईबरोबरचं जेवण.

एकमेकांचे बिशप कुठे चुकले हे त्यांना तोंडपाठ होतं, पण प्रार्थनेची वेळ आजवर कुणी कुणाला विचारली नव्हती. मीही नव्हती विचारली. सकाळी तो काम करणार आणि जेवणाआधी ही येणार, असं चहा संपायच्या आत ठरलं.

रविवारी ही चर्चमधून थेट आली, जरीच्या साडीत. मुलगी कशी गायली ते मला सांगताना हिचे हात थांबत नव्हते. तेवढ्यात त्याची आई त्याला न्यायला आली. काळ्या कपड्यांतली, थकलेली बाई, हातात बिस्किटांचा डबा. मला बिस्किटं दिली, हिला दिली. हिच्या गळ्यातला क्रूस दिसला तशी थबकली. मग हिचा चेहरा ओंजळीत धरून तिने मुलाला अरबीत विचारलं, "ही आपल्यातली का रे?" एवढी अरबी आम्हा दोघींनाही कळत होती.

तो कोट काढत होता, तो एका बाहीवरच थांबला. मी जीव मुठीत धरून मशीनकडे बघत उभी.

"हो अम्मा," तो म्हणाला, "आपलीच."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. आणि आमची वसईची बाई आयुष्यात पहिल्यांदा त्याला उलटून बोलली नाही.