समता नापास झाली

नाव : सुवर्णा अश्वजित इंगळे. राहणार : अमडापूरच्या अलीकडची एक वस्ती. व्यवसाय : शेतमजुरी. शिक्षण : बारावी, खिडकीपासून लांबचा बाक मिळूनही. योजनेतील स्थान : लाभार्थी बालिकेची माता. स्वभाव : रकाना उपलब्ध नाही.

खिडकीचा उल्लेख उगाच केलेला नाही. आमच्याकडे परीक्षा एकट्यानं द्यायची नसते. पोरगं आत बसतं, बाकीचं गाव खिडकीत. ही परोपकाराची सवय इतकी मुरलेली, की लहान मुलांची वाढ तपासायला आरोग्य पथक अंगणवाडीत आलं, तेव्हाही बायांनी आपापली जागा घेतली.

सुवर्णाची समता तेव्हा अकरा महिन्यांची. अंगानं ढिली, मान लटपटती. सुवर्णा सोयाबीन सोंगायला गेलेली, म्हणून आजी बेबीताई नातीला घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, "बाळाला बसवा." बेबीताईंनी बसवलं आणि मागून गुडघा लावला. शेजारणीनं पदराचा आडोसा धरला. खुळखुळा पकडता येईना, तर तिसरीनं समताची बोटं मिटून दिली. बाहेर अजून पोरांची रांग होती. डॉक्टरांनी 'वाढ वयानुरूप' लिहिलं. बेबीताईंनी वस्तीत साखर वाटली.

"पास झाली माही नात!"

सुवर्णानं संध्याकाळी हे ऐकलं आणि हातातला विळा आपटला. "आत्याबाई, तिले बसता येत नाही."

"येईन ना माय. अश्वजितबी उशिराच चालला. पोरीले काऊन डाग लावतं?"

अश्वजितनं आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि मोबाईलकडे पाहायचं ठरवलं.

सुवर्णा एकटीच समताला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आली. तिथं उत्तर मिळालं, "पथकाची चिठ्ठी आणा." पथक सहा महिन्यांनी येणार. अशा मुलांचे व्यायाम जितके लवकर सुरू होतील तितका फायदा, हे अंगणवाडीच्या दारावर ठळक अक्षरांत रंगवलेलं आहे. रंग चांगल्या प्रतीचा आहे.

पथक आलं. या वेळी सुवर्णानं मजुरी बुडवली. समताला सतरंजीवर ठेवलं, तोच मागून बेबीताईंचा गुडघा आला, शेजारणीचा पदर आला.

"काढा तो गुडघा."

"अवं, पडीन ना पोरगी!"

"पडू द्या."

तिनं गुडघा हातानं लोटला. समता एका कुशीवर कलंडली आणि रडू लागली. बायांनी कल्ला केला, "माय हायेस का वैरीण वं?"

"वैरिणी तुमी! पोरगी बोर्डाच्या पेपराले बसली काय? मदत करू करू सहा महिने खाल्ले तिचे. डॉक्टरसाहेब, लिवा. नापास लिवा. मले नापास पोरगी पायजे!"

डॉक्टरांनी मान वर न करता चिठ्ठी लिहिली.

आता दर बुधवारी सुवर्णा समताला एसटीनं बुलडाण्याला व्यायामासाठी नेते. बेबीताई तिच्याशी बोलत नाहीत. सुनेनं वस्तीचं नाव घालवलं म्हणतात.

नाव कुठंही गेलेलं नाही. पहिल्या तपासणीच्या आकड्यांवर अंगणवाडीला प्रमाणपत्र मिळालं आहे : 'सदर अंगणवाडीतील शंभर टक्के बालकांची वाढ वयानुरूप असल्याचे आढळून आले.' चौकट करून ते भिंतीवर लावलं आहे.

त्या भिंतीला टेकवलं, तरच समता बसते.