न विचारता दिलेली साक्ष

पप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पालमच्या शाळेत सातवीच्या वर्गावर होते. फोन दान्याचा होता, माझ्या धाकट्या भावाचा. "ताई, पप्पा गेले. सावकाश ये, घाई करू नको," एवढंच बोलला. परभणीच्या दवाखान्यात शेवटचे दिवस तोच त्यांच्यापाशी होता. एसटीत बसले आणि रडू यायच्या आधी मनात आलं ते हे, की राहूनच गेलं की हो पप्पा तुमचं... दान्याच्या तोंडून पुन्हा एकदा प्रार्थना ऐकायची म्हणून हा माणूस इतकी वर्षं झुरला, आणि ती न ऐकताच गेला.

पप्पा येलदरीच्या वीजघरात ऑपरेटर होते. वसाहतीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. चर्च जिंतूरला. रविवारी एसटीने जायचं, आणि एसटी नाही आली की रविवार बुडाला. त्यामुळे लेकरांना विश्वासात वाढवायचं ते आपल्यालाच, हे पप्पांनी फार मनावर घेतलं होतं. जरा जास्तच. रोज संध्याकाळी सतरंजी अंथरायची, एक गीत म्हणायचं, पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक अध्याय वाचायचा आणि मग सगळ्यात धाकट्यापासून सुरुवात करून एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. म्हणजे पहिला नंबर दान्याचा, मग माझा, मग आईचा आणि शेवटी पप्पांचा. पप्पांची प्रार्थना इतकी लांबायची की आई मधेच उठून कुकर बंद करून यायची आणि पुन्हा डोळे मिटून बसायची, तरी त्यांना पत्ता नसायचा. दान्याची प्रार्थना मात्र ऐकण्यासारखी असायची. शेजारच्या बाबूच्या कुत्रीला पिल्लं होऊ दे, गणिताच्या गुरुजींना जरा ताप येऊ दे, पण जास्त नको. धरणावर मासे धरायला आलेल्या ओळखीच्या मामाशी बोलावं तसा तो देवाशी बोलायचा.

तो तेव्हा चौथीत असेल. झोपेत त्याचं अंथरूण ओलं व्हायचं. त्या वयात नको होतं, पण होत होतं, आणि घरच्यांपलीकडे ते कोणाला ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी त्याने प्रार्थनेतच सांगून टाकलं, "प्रभू, माझं अंथरूण ओलं व्हायलंय. मला लय लाज वाटायलीय. ते थांबव." आणि थोड्याच दिवसांत ते खरंच थांबलं. का थांबलं ते डॉक्टर वेगळं सांगतील. आमच्या घरात मात्र शिरा झाला आणि पप्पांचा आनंद पोटात मावेना.

पुढच्या रविवारी जिंतूरला उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे का? साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून मंडळीसमोर सांगायचं. पप्पा उठले. माझ्या लेकराने मागितलं आणि देवाने ऐकलं, असं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं, अंथरुणासकट. मोठी माणसं हालेलूया म्हणाली. पुढच्या चटईवर रविवारच्या शाळेची पोरं बसली होती, ती आधी खुदखुदली, मग एकमेकांना ढोसून हसायला लागली. दान्या त्यांच्यातच होता. पप्पांनी त्याला उभं राहायला सांगितलं, सगळ्यांना दिसावा म्हणून... आणि तो राहिला उभा. त्याचे लाल झालेले कान मला मागून दिसत होते.

परतीच्या एसटीत पप्पा खुशीत होते. "बघ, तुझ्यामुळं आज किती जणांचा विश्वास वाढला!" दान्या खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मी देवाला सांगितलं होतं. तुमाला न्हाई." त्या दिवशी पप्पांना ते कळलं नाही. संध्याकाळी सतरंजीवर दान्याचा नंबर आला आणि तो गप्प बसून राहिला.

त्यानंतर त्याला मोठ्याने प्रार्थना करताना घरात कोणी ऐकलं नाही. पप्पांनी आधी समजावलं, मग ते रागावले, आणि एकदा तर त्या सतरंजीवरच त्याच्या थोबाडीत दिली. आई त्या दिवशी जेवली नाही. मला आजही पप्पांचा राग येतो, हे लिहिताना हात थांबतो, पण येतो. आणि हालेलूया म्हणणाऱ्यांचाही येतो. एकालाही त्या पोराचं तोंड दिसू नये?

पप्पांना उमगायला फार वर्षं लागली. दान्या दहावीत होता, अंगणात सायकल पुसत होता. पप्पा त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "दान्या, माझं चुकलं रे. तुला विचारायला पायजे होतं." दान्या मान वर न करता म्हणाला, "जाऊ द्या पप्पा. लय दिवस झाले त्याला." ही माफी होती की नव्हती, याचा उलगडा पप्पांना कधीच झाला नाही. त्या दिवसापासून त्यांनी जोर करणं मात्र सोडलं. दान्याचा नंबर आला की सगळ्यांनी थांबायचं, तो बोलला नाही तर मग मी सुरू करायचं. दान्या नोकरीसाठी लांब गेला, तरी पप्पा आधी त्याच्यासाठी थांबायचे.

निवृत्तीनंतर ते जिंतूरला राहायला आले आणि चर्चमधली रविवारची शाळा त्यांच्याकडे आली. पोरं त्यांच्या कानाशी येऊन काय काय सांगायची. कोणी चोरी केलेली, कोणी आईला दुष्ट म्हटलेलं. एकदा एक बाई तावातावाने आली, "काका, आमची पोरगी रडत कामून आली? काय सांगितलं तिनं तुमाला?" पप्पा म्हणाले, "तिनं देवाला सांगितलंय. मी नुसता बाजूला बसलो होतो. तुमी तिलाच विचारा, वाटलं तर सांगंल." बाई फणफणत गेली. पण पोरं टिकली. मोठी झाली, लग्नं झाली, तरी अडचण आली की त्यांच्याकडे यायची. मी एकदा कौतुक केलं तर म्हणाले, "दुसऱ्याच्या लेकरांपाशी शहाणपण सुचलं. आपल्याच्या वेळंला कुठं गेलं होतं ते?"

पप्पांच्या मातीच्या वेळी, दफनभूमीत, ती सगळी पोरं आली होती. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाला बोलायचंय का? एकेक जण बोलला, आणि मग सगळ्यांच्या नजरा दान्याकडे वळल्या. तो खाली मान घालून उभा राहिला. मागे कोणीतरी कुजबुजलं, बापानं एवढं केलं आन् लेकरू बघा कसं...

माणसं पांगल्यावर आम्ही दोघं घराच्या मागच्या दारी कप विसळत होतो. दान्या एकदम म्हणाला, "ताई, मी केली प्रार्थना. दवाखान्यात. त्यांचा हात धरून, मोठ्यानं."

"पप्पांना ऐकू गेलं?"

"न्हाई वाटत. सकाळपासून शुद्धच न्हवती." मग तो रडायला लागला. "आदल्या दिवशी बोलत होते गं. आदल्या दिवशी करता आली असती..."

काय मागितलंस, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी कप विसळत राहिले.

आई अजून संध्याकाळी सतरंजी अंथरते आणि सुरू करायच्या आधी थोडं थांबते. दवाखान्यातल्या प्रार्थनेचं तिला मी सांगितलेलं नाही, दान्याच सांगेल. हा लेख छापायला देण्याआधी मी त्याला वाचायला पाठवला. अंथरुणाचं काढून टाकू का, असंही विचारलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "राहू दे ताई. आईला आज सांगतो, मग दे छापायला."

फोन ठेवला आणि वाटलं, त्या रविवारी पप्पांनी विचारलं असतं, तर तो तेव्हाही हो म्हणाला असता.