मिथेनचा चौथा चेंडू

गजभिये मास्तरांना साधा चेंडू काढा म्हटलं, तरी ते आधी विचारत, "उजेड कोनीकडून येऊन राहिला, सर?" कुठूनही येऊ द्या, असं उत्तर दिलं की पेन्सिल खाली. काम बंद.

अमरावतीच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवत आणि मी रसायन. माझं पहिलं पुस्तक अकोल्याचा एक प्रकाशक छापणार होता. दिवाळीआधी ते बोर्डाच्या कमिटीपुढे गेलं, तर वऱ्हाडभर लागणार होतं. रेणूंची दहा चित्रं तेवढी राहिली होती. ती मी मास्तरांकडे दिली आणि माझी साडेसाती सुरू झाली.

नऊ चित्रं झाली. दहावं मिथेनचं. मधे कार्बनचा काळा चेंडू, भोवती हायड्रोजनचे चार पांढरे. मास्तरांनी तीनच काढले.

"चौथा कुठाय?"

"थो मांगं हाय. दिसत नाही."

"पण असतो, मास्तर. मी सांगतो ना."

"दिसलं नाही थे कोनाच्या सांगन्यावर मानाचं, हे म्या नागपूरले दीक्षा घेतली तवाच सोडलं, सर."

चौथा काढूनच आणा, असं बजावून मी निघालो.

पुढं दोन आठवडे चित्राचा पत्ता नाही. तणतणत त्यांच्या घरी गेलो. टेबलावर मातीचे चेंडू बांबूच्या काड्यांत खोचलेले, आणि खिडकीच्या गजापासून प्रत्येक चेंडूपर्यंत, तिथून टेबलापर्यंत दोरे ताणलेले. "उजेड सरळ जाते, दोरा बी सरळ जाते. पाहून राहिलो, सावली कोठी पडते." जवळ जाऊन बघावं म्हटलं, तर माझाच पाय दोऱ्यात अडकला आणि सगळा मिथेन धाडकन खाली. मास्तर रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "आता पयल्यापासून."

मुदत संपत आली. नऊ चित्रं घेऊन मी अकोल्याला गेलो. प्रकाशक म्हणाला, "एक अधिकचं चिन्ह काढा, चार टोकांना चार गोळे. आमचा पेंटर आत्ता काढून देतो." माणसानं हो म्हणावं की नाही? पण तोंडून निघालं, "मिथेन असा सपाट नसतो हो." कागद काखेत मारून परत आलो. एसटीत वाटभर मास्तरांना शिव्या घातल्या. वर्ष हातचं गेलं.

हे त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बरं झालं. आता घाई नाही." त्यांचा गळा धरावासा वाटला.

चित्र हिवाळ्यात झालं. पांढरे चेंडू तीनच, पण त्यांच्या सावल्या चार. चौथी सावली टेबलावर वेगळी पडली होती, मागच्या चेंडूची. "हा तुमचा चौथा. दिसला, म्हनून काढला." मी ते चित्र कितीतरी वेळ बघत राहिलो. खोटं कशाला बोलू, फार सुंदर होतं.

पुढच्या वर्षी पुस्तक मंजूर झालं. मास्तर तोवर अकोल्याच्या दवाखान्यात होते, हाताला पेन्सिल धरवत नव्हती. पहिली प्रत मी त्यांच्या उशाशी नेली. सावकाश पानं उलटत ते मिथेनपाशी थांबले. मी शाबासकीची वाट बघत होतो.

"नऊ चित्रांत उजेड डावीकडून," ते म्हणाले, "अन् याच्यात उजवीकडून. छपाईच्या ब्लॉकवाल्यानं चित्र उलटं घेतलं. तुमी पाह्यलं नाही काहून?"

ना प्रकाशकाला दिसलं होतं, ना कमिटीला, ना मला.

"पुढच्या खेपेले सुधरवा," म्हणाले आणि कूस वळवून झोपले.

दुसऱ्या आवृत्तीत सुधारलं. ब्लॉक करताना मी स्वतः समोर उभा होतो, ब्लॉकवाल्याच्या डोक्यावर बसून. पण ते पान तपासून घ्यायला मास्तर राहिले नव्हते. माणसाला एवढं छळायचं, सवय लावायची आणि चित्र बरोबर छापून आलं की बघायला थांबायचं नाही, याला काय म्हणावं?