इनामदार या शब्दाचं इंग्रजी

माझं इंग्रजी चांगलं आहे, असं कुणी चारचौघांत म्हणालं की मी विषय बदलते. लोकांना तो विनय वाटतो. विनय माझ्या स्वभावात कधीच नव्हता, हे ज्या मुलींना मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं त्या शपथेवर सांगतील. मला त्या वेळी एक शब्द आठवतो आणि मान खाली जाते, एवढंच.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. नगरच्या बाजारात कोरा कागद मिळेनासा झाला होता आणि आम्ही गणितं सोडवायला जुन्या जमाखर्चाच्या पानांची मागची बाजू वापरत होतो. पुढच्या मार्चमध्ये आमची मॅट्रिक होती. आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी फर्मान काढलं की ज्यांना पुढे कॉलेजात जायचंय त्यांनी मे महिन्यात सकाळी सात ते दहा त्यांच्या घराच्या ओसरीवर यायचं. पहिल्या दिवशी पाच जणी आल्या. आठवड्याभरात कुणी मामाच्या गावाला गेली, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला उन्हाचा त्रास झाला. उरलो आम्ही दोघी.

दुसरी होती ती केडगावहून पुणे रस्त्यानं चालत यायची. गावाबाहेर एक छोटा दर्गा होता. तिथं झाडलोट करायची आणि संध्याकाळी दिवा लावायचा, हे तिच्या वडिलांचं पिढीजात काम. त्या कामापोटी कुण्या जुन्या अमलात त्यांच्या घराण्याला दोन एकर जमीन मिळाली होती. दर्ग्याच्या दिवाबत्तीसाठी दिलेली इनाम जमीन ती, विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, आणि मुरमाड असल्यामुळे धड पिकतही नाही. तरी गाव त्यांना इनामदार म्हणायचं.

तिचं गणित असं होतं की बाईसुद्धा तिला विचारून खात्री करून घ्यायच्या. माझं भूमितीशी हाडवैर. उलट इंग्रजीत मी पुढे आणि ती अडखळणारी. त्यामुळे वर्ग सुटला की आमच्या पडवीत बसून ती मला प्रमेयं समजावून द्यायची आणि मी तिच्याकडून भाषांतरं करून घ्यायची. आई तिला पाणी द्यायची, पण वेगळ्या पेल्यातून. तो पेला खिडकीत उपडा ठेवलेला असे. ती स्वतः उठून तो घ्यायची आणि विसळून परत ठेवायची. तिच्या घरी मी एकदाच गेले होते. तिच्या आईनं आमचं सोवळं ओळखून मला फक्त गूळ आणि फुटाणे दिले, तेही माझ्या रुमालात. दोन खोल्यांचं घर, एका खोलीवर पत्रा आणि दुसरीवर पाचट. तेव्हा ते घर कसं होतं हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

माझे वडील कचेरीत जमिनीच्या दप्तरात कारकून होते. त्यांनी मला साफ सांगितलं होतं, "पुण्याच्या वसतिगृहात नादारीवर जागा मिळाली तर जा. नाहीतर मार्गशीर्षात स्थळं बघायला लागतो." नादारी म्हणजे गरजू मुलींना फी माफ. तिच्याकडेही तीच गोष्ट होती. तिच्या वडिलांनी मागणी घालायला आलेल्या दोन नातेवाइकांना परत पाठवलं होतं, पोरगी शिकणार हाय म्हणून, पण फी भरायची ऐपत नव्हती. दोघींचं सगळं पुढचं आयुष्य त्या एका फुकट खाटेवर येऊन अडलं होतं.

मोठ्या बाई मुरलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सगळ्या जणी निकाल लागला की जूनमध्ये अर्ज करतात आणि मग रडतात. आपण वर्षभर आधी करायचा. आत्ताच्या इयत्तेचे गुण लिहायचे, माझं पत्र जोडायचं, आणि मॅट्रिक पास झाल्यास जागा द्यावी अशी विनंती करायची. नाव आधी लागलं पाहिजे." मग आम्ही निघताना त्या आणखी एक बोलल्या, "एका जिल्ह्यातून नादारीवर एकीलाच घेतात असं कानावर आहे. पण तुम्ही दोघीही करा." हे नुसतं ऐकीव होतं. पुण्यात गेल्यावर कळलं की असला नियम नव्हताच. पण त्या दिवशी ते वाक्य माझ्या डोक्यात घुसलं ते निघेना.

अर्ज इंग्रजीत करायचा होता. बाईंनी प्रत्येकीला एकेक फुलस्केप कागद दिला आणि बजावलं की दुसरा मिळणार नाही. तिनं मराठीत मसुदा करून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. माझं अक्षर चांगलं आणि इंग्रजी चांगलं, तेव्हा दोन्ही अर्ज मीच लिहायचे हे न बोलताच ठरलेलं होतं. पालकाचा व्यवसाय या ठिकाणी तिनं लिहिलं होतं, दर्ग्याचे इनामदार, दिवाबत्तीसाठी दोन एकर.

मी दोन्हीकडून शब्द शोधता येणारा मराठी-इंग्रजी कोश उघडला. उघडायची काही गरज नव्हती. इनामाचे कागद हा आमच्या घरी जेवताना बोलायचा विषय. कोणतं इनाम गावंच्या गावं मिळवून देणारं आणि कोणतं नुसतं नावाचं, हे मला चौदाव्या वर्षापासून ठाऊक होतं. दर्ग्याचा सेवक असं लिहिलं असतं तर चाललं असतं. दिवा लावणारा असंही चाललं असतं. मी कोशातल्या एका शब्दावर बोट ठेवून तिला दाखवलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, लँडलॉर्ड, म्हणजे जमीनदार. दोन एकर गाळले, दिवाबत्ती गाळली. माझ्या अर्जात मात्र वडिलांपुढे 'कारकून' लिहून त्याआधी 'साधे' हा शब्द जोडायला मी विसरले नाही.

"बरोबर आहे ना?" तिनं विचारलं.

"कोशात आहे," मी म्हणाले.

मी खोटं बोलले नव्हते, आणि त्याचाच मला त्या वेळी आधार वाटला. स्वतःची समजूत घालण्यात मी हुशार होते. बाईंनी दोन्ही अर्जांवरून नजर फिरवली, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि सही केली. त्यांनी व्याकरण पाहिलं. तिच्या घरी त्या कधी गेल्या नव्हत्या.

दिवाळीच्या सुट्टीत उत्तरं आली. माझं आधी आलं. पास झाल्यास जागा नक्की. दोन दिवसांनी ती केडगावहून भर उन्हात आली आणि घडी केलेलं पत्र माझ्या हातात दिलं. "मला अर्धंच कळलं," ती म्हणाली. "तू वाच."

पत्र चार ओळींचं होतं. नादारीच्या जागा गरजू मुलींसाठी आहेत, जमीनदारांच्या मुलींना त्या देता येत नाहीत, फी भरून राहायची तयारी असल्यास कळवावे. मी ते दोनदा वाचलं. त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर बाईंकडून दुसरं पत्र पाठवता आलं असतं, वेळ हातात होता, सहा-सात महिने होते. मी म्हणाले, "जागा भरल्यात म्हणतात. दिलगीर आहेत."

"तुझं आलं?"

"अजून नाही," मी म्हणाले. ते माझ्या ट्रंकेत साड्यांखाली होतं.

तिनं पाटी ओढली आणि माझं अडलेलं प्रमेय विचारलं. त्या दिवशी तिनं ते मला तीनदा समजावून दिलं, न चिडता. मला मात्र तिचाच राग आला होता. तिनं रडायला हवं होतं, भांडायला हवं होतं, म्हणजे मला काहीतरी करता आलं असतं, असं मी मनात म्हणत होते. आपलं पाप दुसऱ्याच्या अंगावर ढकलायची मला तेव्हाही सवय होती.

आठवड्याभरानं तिनं माझा कोश चार दिवसांसाठी मागून नेला. परत आणला तेव्हा काही बोलली नाही. त्यानंतर भाषांतरं मात्र ती स्वतःची स्वतः करायला लागली, आणि भूमिती शिकवायला मार्चपर्यंत येत राहिली.

जूनमध्ये निकाल लागला. आम्ही दोघी पास झालो. तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते. मला भूमितीत जे मिळाले ते तिच्यामुळे. मी पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तिचे वडील तिला घेऊन आमच्याकडे आले. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, हातात खडीसाखरेची पुडी. पडवीच्या पायरीवरच बसले, आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"भाऊसाहेब," ते माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमची पोरगी लई गुनाची हाय. तिनं आमाला इंग्रजीत जमीनदार लिवलं. ही म्हनती, त्यापायी जागा हुकली. हुकंना का. मी लई हसलो. उभा जन्म झाडू मारतोय, गाव इनामदार म्हनतं ते निम्मं चेष्टेनं. कागदावर एवढा मान कुनी दिला न्हवता."

माझे वडील पान लावत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षं इनामाची दप्तरं हाताळलेला माणूस, त्यांना काय कळायचं ते एका क्षणात कळलं. त्याबद्दल ते पुढे कधीही बोलले नाहीत, आणि मला पुण्याला पाठवायचंही त्यांनी रद्द केलं नाही.

"आता हितंच मास्तरीन हुईल ती," तिचे वडील उठत म्हणाले. "बाई शाळंत लावून देतो म्हनाल्यात."

ते पुढे झाले. मी तिच्याबरोबर दारापर्यंत गेले. "मी तुझ्या अब्बांना सांगते," मी म्हणाले. "आत्ता सांगते. मी मुद्दाम..."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. "ते पत्र मी तेव्हाच कोश घेऊन वाचलं. अर्जात काय लिहिलं होतंस तेही बाईंकडे जाऊन विचारलं."

"मग बोलली का नाहीस? तेव्हा काहीतरी करता आलं असतं."

"तू बोलशील असं वाटलं. मार्चपर्यंत येत होते ना मी."

मी तिच्या वडिलांच्या मागे निघाले, तशी तिनं मला अडवलं.

"अब्बांना मीच सांगितलंय, तू मान म्हणून लिहिलंस," ती म्हणाली. "ते गावात सगळ्यांना सांगत फिरतायत. त्यांचा तेवढा समज राहू दे. तू त्यांना काही सांगायचं नाहीस."

कोपऱ्यावर तिचे वडील थांबले होते. त्यांनी वळून पाहिलं, हात वर केला आणि मोठ्यानं म्हणाले, "लई शिक, बेटा." मी वाकून नमस्कार केला.