मी खोडलेले शब्द

वऱ्हाडातल्या भाषणं करणाऱ्या माणसांनो, आपण ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हटलं की सभागृह हसतं. हे आपण सगळ्यांनी सोसलंय. आज मी ते हसू टाळायला गेलो आणि त्याहून वाईट करून बसलो.

परतवाड्याजवळच्या गावातल्या संगीताताई आज अमरावतीत पाणी योजनेचं सादरीकरण करणार होत्या. गावाच्या योजनेची मंजुरी त्यांच्या दहा मिनिटांच्या बोलण्यावर अवलंबून होती. तयारी मी करून घेतली. स्लाइड सुबक केल्या आणि त्यांच्या कागदावरचा प्रत्येक ‘मले’, प्रत्येक ‘करून राहिलो’ लाल पेनानं खोडला.

मंजुरी देणाऱ्या साहेबांनी साधंच विचारलं, “विहीर का आटते?”

ताई शुद्ध वाक्य शोधत उभ्या राहिल्या. साहेबांनी फाइल मिटली. “अभ्यास करून पुढच्या वर्षी या.”

जिन्यात ताई म्हणाल्या, “भाऊ, वरचा बांध फुटला, पाणी मुरूनच नाही राहिलं. मले सारं मालूम होतं. पण तोंडात तुमी खोडलेलेच शब्द येऊन राहिले होते.”

या उन्हाळ्यातही त्या गावच्या बाया नाल्यावर जातील. माझ्या इतक्या वर्षांच्या भाषणांनी त्यांच्या हंड्यात थेंब पडणार नाही.

तुमच्याकडे कुणाचं सादरीकरण तपासायला आलं असेल, तर आज पेन उचलण्याआधी ते त्या माणसाच्या बोलीत एकदा पूर्ण ऐका.