रंगात बसलेला हात

मधू गेल्याचा फोन सांगलीत शेजाऱ्यांकडे आला तेव्हा मी जेवत होतो. हात ताटातच वाळला... महिन्यापूर्वीच पलूसला भेटला होता. घराच्या चौकटीला निळा ऑइलपेंट देत होता. बोलायलाही थांबेना, शहाणा!

बालमित्र माझा. अणुऊर्जेच्या एका केंद्रात सांडलं-लवंडलं स्वच्छ करायच्या कामावर होता. एकदा कृष्णेच्या घाटावर मला सांगत बसला, "पान्यात इरघळल्यालं डोळ्याला दिसत न्हाई गड्या, पन भिताडाच्या रंगाला बरूबर चिकटतंय. तांबं, शिसं, किरणं सोडनारं बी. लगीच पुसलं तर निघतंय. रंगात बसलं की रंगच खरवडाय लागतोय." जुन्या, चिरा गेलेल्या रंगात तर लय बसतं म्हणे. सांगताना त्याचे डोळे चमकायचे.

हीच विद्या पुढं त्याच्या मानगुटीवर बसली. काम सुटताना केंद्रातलं यंत्र त्याला रोज तपासायचं, रोज स्वच्छ ठरवायचं. तरी रजेवर आला की हा अंगणातल्या दगडावर, वेगळ्या ताटात जेवणार. आईला जवळ येऊ देणार नाही. मी भांडलो, शिव्या घातल्या. "भिताडाला चिकटतंय, मला न्हाई व्हय?" एवढंच म्हणायचा. एकदा त्याची आई दारात उभी राहून रडली. "छप्पन साली आमी बौद्ध झालो ते कशापायी रं? गावानं आमाला वरनं पानी वाढलं. आता तू सोताच लांब बसतुयास?" तो खाली मान घालून जेवत राहिला. मला तेव्हा त्याचा भयंकर राग आला होता.

त्या रंगाच्या दिवशी चहा आणताना उंबऱ्यात आईचा तोल गेला. मधूनं एक हात ओल्या चौकटीवर टेकला आणि दुसऱ्यानं तिला छातीशी धरलं. क्षणभरच... मग चटका बसल्यासारखा मागं सरला. पण मला वाटलं, सुटली गाठ! पुढच्या रजेला आत जेवायला बसेल. कसलं काय. तिकडंच हृदय बंद पडलं त्याचं.

परवा पलूसला गेलो तर त्याचा धाकटा भाऊ डागाळलेली चौकट नव्यानं रंगवायला निघाला होता. आई आडवी उभी. "हात लावू नगंस. रंगात बसल्यालं पुसून जात न्हाई, त्योच म्हनायचा." निळ्या रंगात मधूचा पंजा आहे, पाची बोटांसकट. आत ताटं वाढली होती. तिनं त्या पंजावर आपला तळवा ठेवला.

"चल रं आत," ती म्हणाली, "जेवान निवतंय."